शोजो मांगामधल्या लढवय्या नायिका कुठून आल्या?

‘योना ऑफ द डॉन’ या कथेमुळे मांगाकडे, म्हणजे जपानी चित्रकथांकडे, वळलेल्या अनेकांचा समज असतो की मुलींच्या मांगात लढाया, सत्तेचं राजकारण, सूड हे सगळं अलीकडे आलं, त्याआधी तिथे शाळा, लाजरी प्रेमप्रकरणं आणि चेरीचा मोहोर एवढंच होतं. हा समज चुकीचा आहे. शोजो मांगा म्हणजे मुलींसाठीच्या मासिकांतून क्रमशः छापून येणारा मांगा. त्या मासिकांत तलवार घेतलेली मुलगी १९५३ पासून आहे. मधल्या काळात बदलली ती तिच्यावर घातलेली अट: लढायचं तर मुलगा म्हणून.

सुरुवात एका नाटक मंडळीपासून करावी लागते. ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावी आपल्या रेल्वेला प्रवासी मिळावेत म्हणून इचिझो कोबायाशी या उद्योजकाने मुलींची संगीत मंडळी उभी केली. तिचा पहिला प्रयोग १९१४ साली झाला. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, रुबाबदार राजपुत्रांच्यासुद्धा. मांगाकार ओसामु तेझुका याच गावात वाढले आणि आईबरोबर ते प्रयोग पाहत मोठे झाले. ‘शोजो क्लब’ मासिकात १९५३ मध्ये त्यांनी ‘रिबॉन नो किशी’ ही मांगा कथा सुरू केली, तेव्हा हा रंगमंच त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

त्यांची सफायर ही राजकन्या. एका देवदूताच्या खोडीमुळे ती मुलाचं आणि मुलीचं अशी दोन हृदयं घेऊन जन्मते. गादी फक्त मुलाला मिळणार असल्यामुळे तिला राजपुत्र म्हणून वाढवतात. ती घोडा फेकते, तलवार चालवते, कारस्थानी सरदाराला पुरून उरते. पण तिचं शौर्य त्या मुलाच्या हृदयाशी बांधलेलं आहे. मुलगी म्हणून ती लढू शकते, असं कथा म्हणत नाही. तरीही लहान मुलींच्या मासिकात पानोपानी तलवार फिरवणारी नायिका आली, हे मला फार मोठं वाटतं. तेव्हा मुलींसाठी मांगा काढणारे चित्रकार मुख्यतः पुरुषच होते.

पुढचा धक्का खेळाने दिला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्यातल्या बहुतेक जणी एकाच कापड कंपनीच्या संघातल्या होत्या आणि त्यांचा कठोर सराव देशभर चर्चेचा विषय होता. चिकाको उरानो यांची ‘अटॅक नंबर वन’ १९६८ मध्ये ‘मार्गारेट’ साप्ताहिकात आली, ती याच लाटेवर. घामाने निथळणारी, जमिनीवर आपटणारी, पुन्हा उठणारी मुलगी वाचकांच्या अंगवळणी पडली.

मग १९७२ साली, त्याच ‘मार्गारेट’मध्ये, रियोको इकेदांची ‘रोझ ऑफ व्हर्साय’ सुरू झाली. तोवर शोजो मांगाची सूत्रं तरुण लेखिकांच्या हाती येऊ लागली होती आणि इकेदा विद्यार्थी चळवळीच्या पिढीतल्या. स्टेफान त्स्वाइगने लिहिलेलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं चरित्र वाचून त्यांना ही कथा सुचली. संपादकांना शंका होती: इतिहास मुली वाचतील का? कथेची नायिका राणीच असणार होती, पण वाचकांनी उचलून धरलं राणीच्या रक्षक दलातल्या ऑस्करला. ऑस्कर ही सरदाराची धाकटी मुलगी. वारस नाही म्हणून बापाने तिला मुलासारखं वाढवलेलं. फरक असा की ती बाई आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तिचं शौर्य कुठल्या उसन्या हृदयातून येत नाही, ते शिक्षणातून आणि शिस्तीतून येतं. शेवटी ती आपली सरदारकी टाकून फ्रेंच राज्यक्रांतीत लोकांच्या बाजूने उभी राहते आणि बास्तीयच्या लढाईत मरते. हा तिचा स्वतःचा निर्णय, आणि माझ्या मते शोजो मांगाच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण. ताकाराझुकाने १९७४ मध्ये ही कथा रंगमंचावर आणली आणि ती तुफान चालली.

त्यानंतर वाट रुंदावली. शिंजी वादांच्या ‘सुकेबान देका’ची नायिका यो-यो हे हत्यार घेऊन गुन्हेगारांशी भिडली. १९९० च्या दशकात नाओको ताकेउचींच्या ‘सेलर मून’ने पाच मुलींचं लढाऊ पथक शाळेच्या गणवेशासारख्याच वेशात उतरवलं. पुरुषी पोशाखाची गरजच उरली नाही.

युमी तामुरांच्या ‘बसारा’त (१९९०–९८) मात्र जुनी अट पुन्हा येते, आणि जाणूनबुजून येते. उद्ध्वस्त झालेल्या भविष्यातल्या जपानची ही कथा. जुळ्या भावंडांपैकी तातारा हा भाऊ उद्धारकर्ता ठरलेला. लाल राजाचं सैन्य त्याला मारतं. गाव कोलमडणार हे दिसताच बहीण सारासा स्वतःचे केस कापते आणि सांगते, मेली ती सारासा, तातारा जिवंत आहे. पुढच्या सगळ्या लढाया ती भावाच्या नावाने लढते आणि त्या नावाखाली स्वतःला पुसत जाण्याची किंमत मोजते. ज्याच्यावर तिचं प्रेम बसतं तोच लाल राजा असतो आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. वेषांतराचा जुना प्रकार इतका खोलवर कोणी नेला नव्हता. शोजोमधली एकच युद्धकथा वाचायची असेल तर मी हिचंच नाव घेईन.

मिझुहो कुसानागींच्या ‘योना’त (सुरुवात २००९) पुन्हा केस कापले जातात. राजकन्या योना जीव वाचवत पळतेय, एक सरदारपुत्र तिचे लांब लाल केस धरून तिला अडवतो, हाक नावाचा तिचा रक्षक कड्यावर लोंबकळतोय. ती तलवार उपसते आणि केस छाटून सुटते. सारासाने केस कापले ते आपण मुलगी असल्याचं लपवायला. योनाने कापले ते पकडीतून सुटायला, आणि त्यानंतरही ती योनाच राहते. नंतर ती हाककडून धनुष्यबाण शिकते, नेम चुकत चुकत. ही कथा ‘हाना तो युमे’त छापली गेली, ज्या मासिकात १९७० च्या दशकात ‘सुकेबान देका’ सुरू झाली होती.