ॲन ब्रॅडस्ट्रीट : पहिल्या पुस्तकामागचे घराणे

इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतील वसाहतींमध्ये राहून लिहिणाऱ्या ज्या कवीचे पुस्तक सर्वप्रथम छापले गेले, ती एक स्त्री होती, एवढी माहिती ॲन ब्रॅडस्ट्रीटविषयीच्या बहुतेक टिपणांत मिळते. ‘द टेन्थ म्यूज लेटली स्प्रंग अप इन अमेरिका’ हे तिचे पुस्तक १६५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी तिच्या मेहुण्याने जोडलेले निवेदन मात्र काहीसे चमत्कारिक वाटते, कारण त्यात कवितेपेक्षा कवयित्रीच्या वर्तनाचीच ग्वाही अधिक आहे. ही बाई आपल्या गावात मानाची आहे, धर्मशील आहे, घरकाम चोख करते आणि या कविता तिने झोपेतून व विश्रांतीतून चोरलेल्या थोड्या तासांत लिहिल्या आहेत, असे तो पुन्हा पुन्हा बजावतो. एवढ्या खुलाशाची गरज का भासली, हे समजण्यासाठी तिच्या माहेरचा इतिहास पाहावा लागतो.

ॲनचा जन्म १६१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. वडील थॉमस डडली हे लिंकनच्या अर्लचे कारभारी होते. त्या सरदारी घरातील ग्रंथसंग्रहामुळे मुलीला तिच्या काळाच्या मानाने असाधारण वाचन घडले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिला देवी आल्या आणि त्यातून उठल्यावर लवकरच तिचे लग्न सायमन ब्रॅडस्ट्रीट या केंब्रिजमध्ये शिकलेल्या तरुणाशी झाले. १६३० मध्ये ‘आर्बेला’ या जहाजातून डडली आणि ब्रॅडस्ट्रीट ही दोन्ही कुटुंबे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली. डडली वसाहतीचे उपगव्हर्नर म्हणूनच आले होते, पुढे चार वेळा ते गव्हर्नर झाले. पहिला हिवाळा भयंकर गेला. ज्या लेडी आर्बेलाच्या नावाने जहाज ओळखले जाई, ती काही महिन्यांतच वारली आणि पाठोपाठ तिचा नवराही गेला. घरात मेज नसल्यामुळे शेकोटीजवळ बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे, असे डडलींनी लिंकनच्या काउंटेसला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. नवे जग आणि नव्या रीती पाहून आपले मन बंड करून उठले, मात्र हीच देवाची वाट असल्याची खात्री पटल्यावर आपण ती स्वीकारली, असे ॲनने पुढे मुलांसाठी लिहून ठेवले. बरीच वर्षे मूल न होण्याचे दुःखही तिने त्याच लेखनात सांगितले आहे. नंतर तिला आठ मुले झाली. दरम्यान कुटुंब इप्सविचला आणि तेथून १६४० च्या दशकात अँडोव्हरला गेले.

प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट पंथाच्या, वसाहतीत स्त्रीने बायबल वाचावे, लिहावे, मुलांना शिकवावे यास आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती चारचौघांत बोलण्यास. १६३७ मध्ये ॲन हचिन्सनवर खटला चालला. ती आपल्या घरी सभा भरवून धर्मोपदेशकांच्या प्रवचनांवर मते मांडत असे. तिला जाब विचारणाऱ्यांत थॉमस डडली अत्यंत कडक होते आणि सायमन ब्रॅडस्ट्रीटही त्याच न्यायासनावर बसले होते. हचिन्सनला वसाहतीतून हाकलण्यात आले. म्हणजे कवयित्रीचे वडील आणि नवरा हे दोघेही अशा प्रकरणाचे केवळ साक्षीदार नव्हते, निवाडा देणारे होते. १६४५ मध्ये वसाहतीचे माजी गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत कनेक्टिकटच्या एडवर्ड हॉपकिन्स यांच्या पत्नीची हकीकत लिहिली आहे. अतिवाचनाने आणि लेखनाने तिचे डोके फिरले, ती घरकामातच रमली असती तर शाबूत राहिली असती, असे त्यांचे निदान होते. सत्ताधारी वर्तुळातील हे मत ॲनच्या कानावर नसेल असे मानणे कठीण आहे.

मग स्त्रीने चारचौघांत बोलण्याची गोष्ट थेट डडलींच्या घरातच घडली. ॲनची धाकटी बहीण सेरा हिचे लग्न बेंजामिन कीन याच्याशी झाले होते. बेंजामिन हा बॉस्टनचे श्रीमंत व्यापारी रॉबर्ट कीन यांचा एकुलता मुलगा. मालाला अवाजवी भाव लावल्याबद्दल १६३९ मध्ये दंड झालेले ते हेच व्यापारी. सेरा नवऱ्यासोबत लंडनला गेली. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धाच्या त्या दिवसांत लंडनमध्ये अनेक पंथ मोकळेपणाने सभा घेत होते आणि काही स्त्रियाही प्रवचने करीत होत्या. विन्थ्रॉप यांचा मुलगा स्टीफन याने १६४६ मध्ये तेथून लिहिलेल्या पत्रात, सेरा मोठी उपदेशिका झाली आहे, असा टोमणा मारला आहे. पुढच्या वर्षी बेंजामिनने सासऱ्यांना आणि बॉस्टनच्या धर्मगुरूंना पत्रे धाडून तिच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. तिने व्यभिचार केला आणि आपल्याला गुप्तरोग लावला, असा त्याचा आरोप होता. आरोपांत तथ्य किती आणि सुटका करून घेणाऱ्या नवऱ्याची सोय किती, हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण उपलब्ध कागदपत्रांत सेराची स्वतःची बाजू नाही. विवाह मोडला. १६४७ मध्येच बॉस्टनच्या चर्चने तिला बहिष्कृत केले. स्त्रीपुरुषांच्या मिश्र सभेत उपदेश करणे आणि निकोलस हार्ट या बहिष्कृत माणसाशी अनैतिक संबंध ठेवणे, अशी दोन कारणे देण्यात आली. सभेतला उपदेश आणि परपुरुषाचा सहवास हे एकाच दमात उच्चारले गेले, यातच त्या समाजाची दृष्टी दिसते. सेराने पुढे थॉमस पेसी नावाच्या इसमाशी लग्न केले आणि १६५९ मध्ये ती वारली. तिचे व्याकूळ सासरे रॉबर्ट कीन यांनी आपल्या प्रचंड लांबीच्या मृत्युपत्रात या सोयरिकीबद्दलची कटुता नोंदवून ठेवली. ॲनच्या उपलब्ध कवितांत मात्र या बहिणीचा कोठेही उल्लेख नाही.

ज्या वर्षी सेराला बहिष्कृत केले, त्याच वर्षी जॉन वुडब्रिज इंग्लंडला गेला. तो ॲनच्या मर्सी नावाच्या बहिणीचा नवरा आणि अँडोव्हरचा पहिला धर्मगुरू. त्याच्याजवळ ॲनच्या कवितांचे हस्तलिखित होते आणि तिला न विचारताच आपण ते छापत आहोत, असे तो सांगतो. वुडब्रिजच्या स्वतःच्या नात्यातही असाच प्रकार घडला होता. त्याची मावशी एलिझाबेथ ॲव्हरी हिने लंडनमध्ये धर्मविषयक पुस्तक छापले, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीचे धर्मगुरू असलेले त्याचे मामा थॉमस पार्कर यांनी बहिणीला उघड पत्र लिहिले. स्त्रीजातीच्या रिवाजाबाहेर जाऊन पुस्तक छापण्याच्या या कृत्याला दुर्गंधी येते, असे त्यात म्हटले आहे. हे पत्रही १६५० मध्येच लंडनला छापले गेले. मामाने मावशीला फटकारावे आणि भाच्याने त्याच वर्षी मेहुणीचे पुस्तक काढावे, हा योग पाहिला म्हणजे वुडब्रिजच्या निवेदनातील सावध सूर उलगडतो. सेराचे नाव त्यात नाही. तरीही ‘वर्तन’, ‘घरकाम’, ‘मर्यादा’ या गोष्टींवरचा भर डडलींच्या एका मुलीने गमावलेली अब्रू दुसरीच्या पुस्तकाला चिकटू नये यासाठी होता, असे मला वाटते. ॲनची खरोखरच संमती नव्हती की तसे म्हणणे सोयीचे होते, यावर अभ्यासकांत दुमत आहे. त्या पुस्तकातील कविताही सुरक्षित विषयांच्या होत्या : चार महाभूते, चार ऋतू, मनुष्याच्या चार अवस्था, प्राचीन साम्राज्यांचा इतिहास. फक्त प्रस्तावनेच्या कवितेत ती, माझ्या हाताला सुईच शोभते असे म्हणणाऱ्या जिभांचा समाचार घेते.

घरातली दुःखे तिने वेगळ्या कवितांत लिहिली आणि त्या हयातीत छापल्या नाहीत. वसाहतीच्या कामासाठी सायमन सतत बाहेर असत. १६६२ मध्ये ते दुसऱ्या चार्ल्स राजाकडे वसाहतीच्या सनदेच्या बोलण्यांसाठी लंडनला होते. त्यांच्या विरहातल्या कवितांत प्रेम आहे आणि लटका रागही. बाळंतपणापूर्वीच्या एका कवितेत ती नवऱ्याला विनवते, की आपण गेलो तर लेकरांना सावत्र आईच्या जाचापासून जपावे. तिची आई १६४३ च्या डिसेंबरअखेर वारली आणि वडिलांनी पुढच्या एप्रिलमध्येच दुसरे लग्न केले, हे या ओळी वाचताना लक्षात ठेवावे. १० जुलै १६६६ च्या रात्री अँडोव्हरचे घर जळाले. त्यात ग्रंथसंग्रह गेला आणि अपुऱ्या राहिलेल्या इतिहासकाव्याचे कागदही गेले. थोरला मुलगा सॅम्युएल याच्या घरात तर मृत्यूंची रांगच लागली : १६६५ मध्ये दीड वर्षांची एलिझाबेथ, १६६९ च्या जूनमध्ये साडेतीन वर्षांची ॲन, नोव्हेंबरमध्ये महिन्याचा सायमन आणि १६७० मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षात असलेली सून मर्सी. नातवाच्या मृत्यूवरील कवितेत देव न्यायी तसाच दयाळूही आहे असे म्हणू या, असे ती म्हणते, आणि हे ‘म्हणू या’ कोणाही वाचकाला खटकते. १६ सप्टेंबर १६७२ रोजी क्षयाने तिचा अंत झाला.

कौटुंबिक कवितांचा मोठा भाग १६७८ मध्ये बॉस्टनला निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत आला. तोपर्यंत सायमन यांनी पुन्हा लग्न केले होते आणि पुढल्याच वर्षी ते गव्हर्नर झाले. घराच्या आगीवरची कविता आणि मुलांसाठी लिहिलेले आत्मनिवेदन मात्र घराण्याच्या वहीतच राहिले. मुलगा सायमन याने आगीची कविता एका सुट्या कागदावरून उतरवून घेतली होती. ते सारे जॉन हार्वर्ड एलिस यांनी १८६७ मध्ये छापले. धर्मग्रंथ खरे आहेत की नाहीत, देव आहे की नाही, आणि कॅथलिकांचाच धर्म खरा का नसावा, अशा शंका आपल्या मनात वारंवार आल्या, हे थॉमस डडलींच्या मुलीने त्यात मुलांना स्पष्ट सांगितलेले आहे.