तलवारीचं गणित मुठीत असतं

युरोपच्या मध्ययुगीन तलवारी अवजड होत्या, हा समज चित्रपटांनी आणि भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारींनी पक्का करून ठेवला आहे. संग्रहालयातली अस्सल तलवार वजनकाट्यावर ठेवली की हा समज लगेच मोडतो. बाराव्या ते पंधराव्या शतकातली एकहाती तलवार साधारण १.१ ते १.४ किलोची असते. तिचं छायाचित्र बघून केलेली स्वस्त प्रतिकृती मात्र सहज दोन किलोच्या आसपास जाते. लांबी तीच, रुंदी तीच, मुठीचा आकारही हुबेहूब तोच. मग वजन येतं कुठून?

जाडीतून. छायाचित्रात जाडी दिसत नाही. अस्सल पातं मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असतं आणि टोकाकडे जाता जाता दोन-तीन मिलिमीटरवर येतं. मधली पन्हळही वजन कमी करते आणि ताठपणा फारसा घालवत नाही. स्वस्त प्रतिकृतीत एका जाडीची पट्टी फक्त बाहेरून कापून आकार दिलेला असतो. त्यातलं जास्तीचं पोलाद टोकाकडे असतं, आणि तेच मनगटाला सर्वात महाग पडतं. वस्तू फिरवायला लागणारा जोर तिच्या वस्तुमानावर अवलंबून असतो, पण हातापासूनच्या अंतराच्या वर्गावरही असतो. हातापासून ८० सेंटिमीटरवरचे ३ ग्रॅम आणि ८ सेंटिमीटरवरचे ३०० ग्रॅम फिरवताना सारखाच विरोध करतात.

हा आकडा लक्षात ठेवून मुठीच्या शेवटच्या गोळ्याकडे, म्हणजे पॉमेलकडे पाहावं. तो चाकासारखा असेल, बदामासारखा असेल, कधी त्यावर मालकाचं कुलचिन्ह कोरलेलं असेल. म्हणून तो दागिना वाटतो. पण समजा, पॉमेल नसलेली तलवार ९०० ग्रॅमची आहे आणि तिचा तोल मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीपासून २० सेंटिमीटर पुढे, पात्यावर आहे. दांडीच्या १२ सेंटिमीटर मागे ३०० ग्रॅमचं पॉमेल बसवलं, की तोल थेट १२ सेंटिमीटरवर येतो. वजन एक तृतीयांशाने वाढलं, तरी हातात तलवार हलकी वाटायला लागते, कारण वाढलेलं वजन मनगटाच्या जवळ आहे. मला या सगळ्या कारागिरीत सर्वात सुंदर वाटते ती ही गोष्ट.

चांगली प्रतिकृती ओळखायची एक सोपी कसोटी आहे. तलवार टोक खाली करून दोन बोटांत मुठीजवळ सैल धरायची आणि हात पटापट डावीउजवीकडे हलवायचा. पात्यावरचा एक बिंदू जवळजवळ जागेवरच थांबलेला दिसतो. भोसकायच्या तलवारीत तो टोकाच्या जवळ असतो, म्हणून हात हलला तरी टोक नेमावर राहतं. दुसरी कसोटी कंपनांची. मूठ धरून पॉमेलवर तळहाताने थाप मारली की पातं थरथरतं, पण टोकाकडच्या भागात एक जागा स्थिर राहते. अशी दुसरी जागा मुठीच्या बाजूला असते. ती पकडीखाली आली तर वार बसल्यावर हाताला झिणझिण्या येत नाहीत.

मुठींचा अभ्यासही जुना आहे. नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी १९१९ साली व्हायकिंग तलवारींचं वर्गीकरण केलं ते मुठींवरूनच. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९२७ मध्ये ते सात प्रकारांत आटोपशीर केलं. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि त्यांनी हडप्पा, अरिकमेडू इथे उत्खनन केलं. पुढे एवर्ट ओकशॉट यांनी या मालिकेत भर घातली आणि मध्ययुगीन पात्यांचे दहाव्यापासून बाविसाव्यापर्यंत प्रकार पाडले. पॉमेल आणि आडव्या दांड्या यांची त्यांची वर्गवारी वेगळी आहे. आजचे प्रतिकृतीकार याच भाषेत बोलतात.

आडव्या दांडीचा पुढचा प्रवास तर विलक्षण आहे. टोकावर अधिक ताबा यावा म्हणून तलवारबाज तर्जनी दांडीच्या पुढे, पात्यावर टाकू लागले. बोट उघडं पडलं, म्हणून त्याच्याभोवती कडं आलं. मग बाजूला आणखी कडी आली, बोटांसमोर कमान आली, आणि सोळाव्या शतकात रेपियरची, म्हणजे लांब, अरुंद, भोसकायच्या तलवारीची ती वळणदार, पिंजऱ्यासारखी मूठ तयार झाली. याच काळात शहरातले लोक रोजच्या कपड्यांवर तलवार लावून हिंडत होते, हातात लोखंडी मोजे नव्हते. सतराव्या शतकात स्पेन आणि इटलीत पुढे अख्खी वाटीच बसवली गेली. एवढं लोखंड वाढूनही तलवार फिरवणं जड झालं नाही, कारण ते सगळं मुठीच्या भोवतीच होतं. स्कॉटिश तलवारीची टोपलीसारखी मूठही याच नियमावर चालते. रेपियरच्या एखाद्या सुबक प्रतिकृतीत या सळ्या एकातून एक फुटल्यासारख्या वळतात, त्या बघताना मला प्रत्येक वळणामागचं बोट दिसतं.

उत्तम प्रतिकृतीकार म्हणूनच छायाचित्रांवर थांबत नाहीत. स्वीडनचे पीटर जॉन्सन संग्रहालयांत जाऊन अस्सल तलवारींची जाडी, तोल, वजन मोजतात. मध्ययुगीन तलवारींची प्रमाणं कंपासने काढलेल्या वर्तुळांवरून ठरत असावीत, असा त्यांचा तर्क आहे. २०१२ साली लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तो मांडला गेला. एकेका तलवारीच्या बाबतीत योगायोगाची शक्यता राहते, पण चर्चची कमान आणि तलवारीची मूठ एकाच कंपासातून निघाली असेल ही कल्पना मला पटते.

आपल्याकडे या विषयाचा एक धागा थेट येतो. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपीय पाती दख्खनमध्ये आली, त्यांना इथल्या मुठी बसल्या आणि त्या तलवारींना फिरंग म्हणू लागले. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली, कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट मिळालेली ‘जगदंबा’ तलवार अशीच युरोपीय पात्याची. आपल्या मुठीच्या शेवटी असलेली रुंद चकती मनगटाला फार वाकू देत नाही. त्यामुळे वार कोपरातून, खांद्यातून, ओढून घ्यावा लागतो. युरोपात घडवलेलं पातं इथे मूठ बदलताच वेगळ्या पद्धतीने चालवलं जाऊ लागलं. युरोपीय तलवारींच्या बारकाईने मोजून केलेल्या प्रतिकृती आज बऱ्याच आहेत. तेवढ्याच काळजीने तोल, जाडी आणि कंपनं मोजून घडवलेली फिरंगही मला एकदा हातात घ्यायची आहे.