बळ्ळारी नाल्यातली पिशवी आणि दोन समुद्र

2019 च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर बेळगावजवळ अलारवाडच्या बाजूला बळ्ळारी नाल्याच्या काठाने चालत गेलो होतो. पाणी कुठवर चढलं होतं हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. झुडपांच्या फांद्यांना आणि कुंपणाच्या तारांना एका रेषेत पिशव्या लटकत होत्या. दुधाच्या, वेफर्सच्या, बियाण्याच्या, औषधाच्या. बांधावर उभे असलेले एक मामा म्हणाले, "नांगर घातला की ढेकळाआधी पिशवीच वर येत्या बघा." शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं हे शिवार. बेळगावच्या बासमतीचा वास याच मातीतला.

जे अडकलं ते डोळ्यांसमोर होतं. जे वाहून गेलं त्याचं काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला.

आपल्या जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना वाटून जातं. बळ्ळारी नाला मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. निपाणी-चिकोडीकडची वेदगंगा आणि दूधगंगा याही शेवटी कृष्णेतच. म्हणजे हे सगळं पाणी आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा असं करत बंगालच्या उपसागराला जातं. खानापूर तालुक्याची गंमत आणखी वेगळी. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला वळते, तर त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्याच्या पावसाचे दोन समुद्र. त्यामुळे समुद्रातल्या प्लास्टिकचा इतिहास हा किनाऱ्यावरच्या लोकांचा विषय आहे, असं म्हणायची सोय आपल्याला उरत नाही.

तो इतिहास सुरू होतो तो बऱ्याच चांगल्या हेतूने. 1869 च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट यांनी सेल्युलॉइड तयार केलं, ते बिलियर्डच्या चेंडूंसाठी लागणाऱ्या हस्तिदंताला पर्याय म्हणून. 1907 मध्ये लिओ बेकलँड यांचं बेकेलाइट आलं. आपल्या आजोबांच्या घरातलं विजेचं काळं बटण त्याचंच. 1933 मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत भलताच प्रयोग चालू असताना भांड्यात पांढरा मेणचट थर सापडला. ते पॉलिथिन. आणि 1965 मध्ये स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीने स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या रचनेचं पेटंट घेतलं. एकाच नळीतून कापलेली, दोन कानांची पिशवी. गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर जी हातात येते, तीच.

आपल्याकडे प्लास्टिक आलं तेव्हा ते फेकायची वस्तू नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. माझ्या आईने रंगीत वायरची एक पिशवी विणली होती. हिरवी-पांढरी, तळाला दुहेरी वीण, मुठीला आतून कडक नळी. वीस वर्षं तिने बाजार केला. मूठ तुटली तेव्हा ती परत विणली गेली. प्लास्टिक तेच, पण त्यावर हाताचे चार दिवस खर्च झाले होते, म्हणून ते टाकवत नव्हतं.

समुद्रात प्लास्टिक पोहोचलंय हे विज्ञानाला कळलं, तेही दुसरंच काही शोधताना. 1971 मध्ये एडवर्ड कार्पेंटर आणि के. एल. स्मिथ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रावर जाळी ओढली ती तरंगणारं शेवाळ आणि जीव गोळा करायला. जाळीत प्लास्टिकचे कण निघाले, सरासरी चौरस किलोमीटरला 3,500. 1997 मध्ये चार्ल्स मूर शर्यत संपवून हवाईहून होडीने घरी परतत होते, तेव्हा पॅसिफिकच्या मधोमध त्यांना दिवसेंदिवस प्लास्टिक दिसत राहिलं. त्याला पुढे 'कचऱ्याचं बेट' म्हटलं गेलं. ते नाव फसवं आहे. तिथे उभं राहता येईल असं काही नाही. बरंचसं प्लास्टिक बारीक तुकड्यांच्या रूपात पाण्यात विखुरलेलं आहे, आणि म्हणूनच ते काढणं इतकं अवघड आहे.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो शोध मात्र कापडाने लावलेला आहे. 1931 पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक धातूचं यंत्र बांधून ओढलं जातं. त्यात रेशमाची लांब पट्टी असते, एका रुळावरून दुसऱ्यावर सरकत जाणारी. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पट्टीच्या विणीत अडकतात, पट्टी जपून ठेवली जाते आणि सवडीने तपासली जाते. अॅलिस्टर हार्डी यांनी माशांचं अन्न मोजायला हे यंत्र केलं. 2004 मध्ये प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकापासूनच्या त्या जुन्या पट्ट्या पुन्हा उघडल्या. जिवांच्या शेजारी रंगीत तंतू होते, आणि काळाबरोबर वाढलेले होते. त्यांच्या निबंधातूनच 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द रूढ झाला. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला आज तो लावतात. पुढे 2019 मध्ये त्याच यंत्राच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या गेल्या. यंत्रात काय काय अडकलं होतं याच्या त्या नोंदी. 1957 ला मासेमारीची दोरी, आणि 1965 ला, आयर्लंडच्या वायव्येला, प्लास्टिकची पिशवी. थुलिनच्या पेटंटचं वर्षही तेच.

शहापूर-वडगावच्या विणकरांना हे सांगायला हवं असं मला फार वाटतं. ताणा-बाण्याच्या मधल्या भोकात समुद्राची साठ-सत्तर वर्षं साठून राहिली. विणीचा असा उपयोग ऐकून कुठल्याही मागावरच्या माणसाची मान ताठ होईल.

आकडे वाढत गेले. 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं, असा अंदाज 2015 मध्ये मांडला गेला. 2015 पर्यंत झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त 9 टक्क्यांचा पुनर्वापर झाला, असं 2017 मध्ये दिसलं. एवढे मोठे आकडे कानावरून जातात. डोळे थांबवले ते कलेने.

छायाचित्रकार क्रिस जॉर्डन 2009 मध्ये मिडवे बेटावर गेले. कुठल्याही खंडापासून 3,000 किलोमीटरहून दूरची ही जागा. तिथे अल्बाट्रॉस पक्ष्यांची मेलेली पिल्लं त्यांनी जशी सापडली तशी टिपली. पिसं आणि हाडं विरून गेलेली, आणि पोट होतं तिथे बाटल्यांची झाकणं, लायटर, रंगीत तुकडे यांचा ढीग. त्यातला एकही तुकडा त्यांनी हलवला नव्हता. मांडणी आईबापांनी केली होती. उडणाऱ्या माशांची अंडी तरंगत्या वस्तूंना चिकटलेली असतात. पूर्वी ती वस्तू लाकूड असायची, झावळी असायची. पक्ष्यांनी हजारो वर्षांच्या सवयीने ती उचलली आणि पिल्लांना भरवली. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शिवारातले बगळे आठवले, नांगरामागून चालणारे.

मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या जुळ्या बहिणींनी दुसरी वाट धरली. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या प्रांतातल्या. 2005 मध्ये लॉस एंजेलिसच्या घरात त्यांनी क्रोशाने प्रवाळ विणायला घेतलं. प्रवाळाच्या झालरीचा आकार हा गणितातल्या हायपरबोलिक पृष्ठाचा आकार, आणि तो सुईदोऱ्याने करता येतो हे गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी 1997 मध्येच दाखवलं होतं. दर काही टाक्यांना एक टाका वाढवत जायचा, कडा आपोआप चुण्या घेते. बहिणींनी लोकरीबरोबर पिशव्यांच्या पट्ट्या कापूनही विणलं. तो झाला विषारी प्रवाळ. जगभरातल्या हजारो बायका या कामात सामील झाल्या. टेबलक्लॉथ आणि तोरणं विणणाऱ्या आपल्या मावश्यांच्या हाताला हे गणित आधीपासून येतं.

नद्यांचा हिशेब नंतर आला. 2017 मध्ये मोजक्या मोठ्या नद्यांवर बोट ठेवलं गेलं. 2021 च्या अभ्यासाने ते बदललं. नद्यांतून जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के हजाराहून अधिक नद्या नेतात, आणि किनाऱ्याजवळच्या, शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या त्यांच्या आकाराच्या मानाने फार जास्त नेतात. मनिलाची पासिग त्यात पहिली, मुंबईजवळची उल्हास पहिल्या दहांत. हे आपल्याला लावून पाहिलं तर चित्र उलटतं. कृष्णेच्या वाटेवर धरणांमागून धरणं आहेत, बरंचसं प्लास्टिक गाळात, शेतात, जलाशयात थांबतं. म्हादईची वाट मात्र आखूड आणि घाटाच्या उताराची. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पाण्यात आणि गाळात मायक्रोप्लास्टिक सापडलं आहे. तिथल्या कचऱ्यात गोव्याचा वाटा मोठा असणार. पण जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर गाडीतून फेकलेली बाटली पावसात कुठे जाते, ते नकाशाच सांगतो.

कायद्यांनाही इथे सीमा आडवी आली. कर्नाटकात प्लास्टिकबंदी 11 मार्च 2016 ला, महाराष्ट्रात 23 मार्च 2018 ला, आणि एकदाच वापरायच्या काही ठरावीक वस्तूंवर देशभर 1 जुलै 2022 ला. मधली दोन वर्षं निपाणीत बंद असलेली पिशवी कागलला चालत होती, आणि वेदगंगा दोन्हीकडून वाहत होती. प्लास्टिकवरच्या जागतिक कराराच्या वाटाघाटी 2022 मध्ये नैरोबीत ठरल्या. 2024 मध्ये बुसानला आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला त्या फिसकटल्या.

त्या पुरानंतर नाल्याकाठच्या तारेवरून मी एक पिशवी सोडवून घरी आणली होती. धुऊन वाळवली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आलेहान्द्रो दुरान हा कलावंत वाहून आलेल्या वस्तूंवरची लेबलं वाचतो, पन्नासहून जास्त देशांची त्याला सापडली. माझ्या पिशवीवर एका कापडदुकानाचं नाव होतं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. पाण्यात किती दिवस होती कुणास ठाऊक, पण दोन्ही लिप्यांचं एक अक्षरही पुसलेलं नव्हतं.