संधिप्रकाशाच्या रेषेवरून संपूर्ण आकाश

डिसेंबर २०२५ मध्ये नासाच्या ‘स्फिअरएक्स’ या अवकाश दुर्बिणीने टिपलेला संपूर्ण आकाशाचा पहिला नकाशा प्रसिद्ध झाला. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे १०२ वेगवेगळे पट्टे घेऊन तो तयार केला आहे. साताऱ्यात हिवाळ्याच्या रात्री मुलांना आणि त्यांच्या पालकांना तारे दाखवताना या नकाशाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : दुर्बीण एवढ्या वर नेल्यामुळे तारे जवळून दिसत असतील ना? हा समज इतका सर्वदूर पसरलेला आहे, की आधी तो दूर करणे आवश्यक आहे.

स्फिअरएक्स पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरते. साताऱ्याहून नागपूर सरळ रेषेत साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. त्या अंतरातून ६५० किलोमीटर वजा केल्याने काहीही साधत नाही. दुर्बीण वर न्यायची ती ताऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी नव्हे, तर पृथ्वीच्या हवेतून बाहेर पडण्यासाठी.

हवेतील पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही वायू अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेतात. ज्या बाष्पावर पावसाळ्यात आपले कोयना धरण भरते, तेच बाष्प दूरच्या तेजोमेघाकडून आलेले अवरक्त किरण जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणूनच आपल्या देशात अशा निरीक्षणांसाठी लडाखमधील हानले येथील सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कोरडी जागा निवडली गेली, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून मोठ्या फुग्यांना दुर्बीण बांधून ती वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली. त्यातच हवा स्वतः उबदार असल्यामुळे तीही अवरक्त प्रकाशाने चकाकत असते. डोळ्यांना रात्र काळी दिसते. अवरक्त शोधकाला ती भर दिवसासारखी उजळलेली दिसते.

उष्णता आणि प्रकाश यांचे नाते येथे लक्षात घ्यावे लागते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रकाश बाहेर टाकते, आणि तो ज्या तरंगलांबीवर सर्वाधिक असतो ती काढण्याचा नियम सोपा आहे : २,९०० या संख्येला केल्विनमधील (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमानाने भागले, की तरंगलांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मिळते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन असल्याने उत्तर अर्धा मायक्रॉन येते, आणि तो दृश्य प्रकाश आहे. माणसाचे शरीर सुमारे ३१० केल्विनचे, म्हणून आपण सगळे साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास अखंड प्रकाशत असतो. खोलीच्या तापमानाला ठेवलेली दुर्बीणही तशीच प्रकाशते. जिने अंधूक उष्णता टिपायची तीच उष्णता फेकू लागली, तर निरीक्षण होणार कसे? म्हणून अवरक्त दुर्बीण अतिशय थंड ठेवावी लागते.

जवळजवळ संपूर्ण आकाशाचे अवरक्त सर्वेक्षण अवकाशातून प्रथम केले ते अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांच्या ‘आयरास’ने, १९८३ मध्ये. ती द्रवरूप हेलियमने थंड ठेवली होती. सुमारे दहा महिन्यांत हेलियम संपले आणि काम थांबले, पण तोवर ९६ टक्के आकाश तपासून झाले होते. अभिजित या ठळक ताऱ्याभोवती धुळीची तबकडी आहे, हे याच सर्वेक्षणात कळले. डिसेंबर २००९ मध्ये निघालेल्या ‘वाइज’ने गोठलेला हायड्रोजन वापरला, तोही पुढच्या वर्षी संपला; तरी कमी तरंगलांबीचे दोन पट्टे चालू राहू शकत असल्याने मधल्या विश्रांतीनंतर तिच्याकडून थेट २०२४ पर्यंत काम घेता आले. २०२० च्या जुलैमध्ये पावसाळी ढगांतून वाट काढत आपल्यापैकी अनेकांनी शोधलेला ‘निओवाइज’ धूमकेतू तिनेच त्या वर्षी मार्चमध्ये टिपला होता. स्फिअरएक्सजवळ मात्र संपणारे असे काही नाही. एकात एक बसवलेल्या तीन शंकूंच्या आकाराच्या ढाली सूर्याची आणि पृथ्वीची उष्णता अडवतात, आतली उष्णता काळ्या अवकाशात सोडून दिली जाते, आणि दुर्बीण आपोआप उणे २१० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते.

पण या ढालींनी संरक्षण द्यायचे असेल, तर सूर्य नेहमी एका बाजूलाच राहिला पाहिजे. पृथ्वीभोवती दिवसातून चौदा-पंधरा वेळा गरगर फिरणाऱ्या आणि पृथ्वीबरोबर सूर्याभोवतीही जाणाऱ्या यंत्राला हे कसे साधते? मला या साऱ्या मोहिमेतली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते, म्हणून तिच्यासाठी थोडी जास्त जागा घेतो.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६,३५७ किलोमीटर आहे. म्हणजे तिच्या मध्यभागाला २१ किलोमीटरचा फुगवटा आहे. ती पूर्ण गोल असती, तर उपग्रहावरची ओढ नेमकी केंद्राच्या दिशेने राहिली असती आणि त्याच्या कक्षेचे प्रतल अवकाशात कायम एकाच दिशेला स्थिर राहिले असते. मग सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेल्यावर आधी पाठीशी असलेला सूर्य तोंडासमोर आला असता. फुगवट्यामुळे मात्र उपग्रहाला केंद्राकडच्या ओढीखेरीज विषुववृत्ताच्या दिशेने आणखी एक हलकी ओढ बसते.

उत्तर गोलार्धावरून विषुववृत्ताकडे उतरणाऱ्या उपग्रहाचा विचार करा. ही जास्तीची ओढ त्याला खाली खेचते, त्यामुळे तो विषुववृत्त ठरलेल्या जागेच्या किंचित आधीच ओलांडतो. उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असेल, तर ‘आधी’ याचा अर्थ पश्चिमेला. पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असेल, तर ‘आधी’ याचा अर्थ पूर्वेला. दक्षिण गोलार्धावरून वर येतानाही हेच घडते. अर्धी फेरी झाली की विषुववृत्त ओलांडण्याची जागा पुन्हा त्याच बाजूला सरकते, आणि परिणामी कक्षेचे सगळे प्रतलच हळूहळू वळत राहते. कक्षा नेमकी ध्रुवांवरून, म्हणजे विषुववृत्ताशी ९० अंशांचा कोन करून जात असेल, तर पूर्व-पश्चिम असे काही उरत नाही आणि हे सरकणेही शून्य होते. कोन ९० पेक्षा थोडा जास्त ठेवला, तर उपग्रह किंचित पश्चिमेकडे झुकून जातो आणि प्रतल पूर्वेकडे सरकू लागते.

आता आकडे पाहा. ६५० किलोमीटर उंचीवर एका फेरीला सुमारे ९८ मिनिटे लागतात. तेथे कोन सुमारे ९८ अंश ठेवला, तर प्रत्येक फेरीत प्रतल एका अंशाच्या साधारण पंधराव्या भागाइतके पूर्वेकडे सरकते. दिवसभरात ते जवळजवळ एक अंश होते आणि वर्षात ३६० अंश पूर्ण होतात. पृथ्वीही सूर्याभोवती वर्षात त्याच दिशेने ३६० अंश जाते. त्यामुळे कक्षेचे प्रतल आणि सूर्य यांच्यातील कोन वर्षभर जवळपास तसाच राहतो, आणि त्यासाठी इंधनाचा एक थेंबही खर्च होत नाही. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे तिला आलेला फुगवटा हे काम फुकट करून देतो. सूर्यसमकालिक कक्षा म्हणतात ती हीच, आणि आपले भूनिरीक्षण करणारे अनेक भारतीय उपग्रहही अशाच कक्षांतून फिरतात.

स्फिअरएक्सने या कक्षेचा एक खास प्रकार निवडला आहे. तिचे प्रतल सूर्याच्या दिशेशी जवळजवळ काटकोनात असते, म्हणजे दुर्बीण पृथ्वीवरच्या दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवरून चालत राहते. विषुववृत्त ती ओलांडते ते तेथील सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. सौरपट्ट्यांना ऊन मिळत राहते, सूर्य एका कुशीला आणि पृथ्वी पायाखाली राहते, आणि वरची दिशा थंड, काळ्या आकाशाकडे मोकळी असते.

सर्वेक्षणही यातूनच घडते. या कक्षेतून पृथ्वीकडे पाठ करून पाहणारी दुर्बीण एका फेरीत आकाशावर एक मोठे वर्तुळ पुसत जाते. हे वर्तुळ सूर्यापासून सगळीकडे सुमारे ९० अंशांवर असते, त्यामुळे ते क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या) दोन्ही ध्रुवांच्या, म्हणजे कदंबांच्या, जवळून जाते. पृथ्वी रोज एक अंश पुढे जाते तसे हे वर्तुळही कदंबांभोवती रोज एक अंश वळते. वर्तुळाचे दोन अर्ध आकाशाच्या परस्परविरुद्ध बाजूंना असल्याने वर्षभर थांबण्याची गरज नाही. सहा महिन्यांत दोघे मिळून सगळे आकाश झाकतात. कदंबांजवळचे आकाशाचे टापू तर जवळजवळ प्रत्येक फेरीत वाट्याला येतात, आणि असंख्य छायाचित्रे एकत्र करून तेथे फार अंधूक दीर्घिकाही मोजता येतात. उत्तरेचा कदंब कालेय तारकासमूहात आहे; साताऱ्याहून पावसाळ्याच्या तोंडावर तो मध्यरात्रीनंतर उत्तरेला उंच येतो, पण तेव्हा आपल्याकडचे ढग तो क्वचितच पाहू देतात.

१०२ पट्ट्यांची युक्ती थोडक्यात सांगतो. दुर्बिणीचा आरसा केवळ २० सेंटिमीटरचा, पण एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा साडेतीन अंश बाय अकरा अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या सात पट रुंद आणि बावीस पट लांब. शोधक सहा आहेत आणि प्रत्येकावर अशी गाळणी बसवली आहे, की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिच्यातून जाणारी तरंगलांबी क्रमाने बदलत जाते. प्रत्येक शोधकाचे १७ पट्टे; सहा शोधकांचे मिळून १०२. दुर्बीण दर छायाचित्रानंतर थोडी सरकते, म्हणून एकच तारा पाळीपाळीने वेगवेगळ्या पट्ट्यांत येतो आणि पाऊण मायक्रॉनपासून पाच मायक्रॉनपर्यंतचा त्याचा वर्णपट तयार होतो. दिवसाला अशी सुमारे ६०० छायाचित्रसत्रे होतात. या वर्णपटात पाण्याचा बर्फ ३ मायक्रॉनजवळ आणि गोठलेला कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनजवळ आपली खूण सोडतो, त्यामुळे ताऱ्यांच्या जन्मस्थानी धुळीच्या कणांवर बसलेला बर्फ मोजता येतो. शिवाय पंचेचाळीस कोटींहून अधिक दीर्घिकांची अंतरे काढून, विश्वाच्या पहिल्या क्षणांतील प्रचंड प्रसरणाच्या खुणा त्यांच्या मांडणीत शोधायच्या आहेत.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. निबिरू नावाचा कोणी ग्रह पृथ्वीवर आदळणार, अशी आवई आधी २००३ साठी आणि नंतर डिसेंबर २०१२ साठी उठवली गेली, आणि त्या अर्थाच्या चित्रफिती आजही मोबाइलवरून मराठीत फिरतात. ‘शास्त्रज्ञ ते लपवून ठेवतात’ हे त्यांतले ठरलेले वाक्य असते. संपूर्ण आकाशाचे सर्वेक्षण नेमके येथे निर्णायक ठरते, कारण ‘अमुक ठिकाणी अमुक दिसले’ हे कोणतीही दुर्बीण सांगू शकते, पण ‘असे कोठेच नाही’ हे सांगण्यासाठी सगळे आकाश पाहिलेले असावे लागते. गुरू किंवा शनीएवढा ग्रह सूर्यापासून कितीही दूर असला, तरी आतल्या उष्णतेमुळे अवरक्तात प्रकाशतो, आणि सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत त्याची जागा बदललेली दिसली पाहिजे. वाइजच्या चित्रांची अशी तपासणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला गेला : पृथ्वी-सूर्य अंतराच्या १० हजार पटींपर्यंत शनीएवढा आणि २६ हजार पटींपर्यंत गुरूएवढा एकही अज्ञात ग्रह नाही. याहून लहान, थंड ग्रह दूरवर असण्याची शक्यता या तपासणीने नाकारलेली नाही. ती मर्यादाही त्याच अभ्यासातून कळते. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी पुरावा मागण्याची सवय लोकांना लावण्यासाठी आयुष्य वेचले, तेथे तरी अशी चित्रफीत पुढे पाठवण्याआधी कोणी तरी हा पुरावा विचारला पाहिजे. २०२५ मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेल्या ३आय-ॲटलास या धूमकेतूलाही काहींनी परग्रहवासीयांचे यान ठरवून टाकले. स्फिअरएक्सला त्याच्याभोवती आढळले ते कार्बन डायऑक्साइड वायूचे विस्तीर्ण आवरण, जे धूमकेतूला साजेसेच आहे.

त्याच वाइजच्या चित्रांत सूर्याचे न कळलेले शेजारी मात्र सापडले. साडेसहा प्रकाशवर्षांवर दोन तपकिरी बटूंची, म्हणजे तारा म्हणून पेटण्याइतके वस्तुमान नसलेल्या गोळ्यांची, एक जोडी निघाली, आणि सव्वासात प्रकाशवर्षांच्या थोडे पलीकडे एक असा गोळा निघाला, की त्याचे तापमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्याही खाली आहे. दृश्य प्रकाशात तो जवळजवळ दिसतच नाही. इतक्या जवळच्या गोष्टी २०१३ आणि २०१४ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हत्या, याचे कारण त्या दृश्य प्रकाशात फार अंधूक आहेत, आणि तेथे मुद्दाम पाहण्याचे कोणाला प्रयोजनही नव्हते. ठरवून एखाद्या दिशेला रोखलेली दुर्बीण आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. सर्वेक्षण न विचारलेलेही दाखवते.

स्फिअरएक्सने दोन वर्षांत चार वेळा सगळे आकाश पाहावे अशी मूळ योजना आहे. तिची निरीक्षणे मिळाल्यापासून साधारण ६० दिवसांत सर्वांसाठी खुली केली जातात, आणि वाइजची सगळी चित्रे तर आधीपासूनच खुली आहेत. त्या चित्रांची मालिका संगणकावर पुढे-मागे करून सरकणारे अंधूक ठिपके शोधण्याच्या प्रकल्पात जगभरातल्या हौशी लोकांनी अनेक तपकिरी बटू शोधून काढले आहेत. त्यासाठी दुर्बीण लागत नाही आणि निरभ्र आकाशही लागत नाही, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने घरात बसावे लागणाऱ्या सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना हे काम आजपासून सुरू करता येईल.