खानदेश : घरची बोली आणि शिक्षणातील भाषिक हक्क

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात बरीच मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरीच वाचतात. तापीच्या सपाटीवर अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, शहाद्याच्या आसपास गुजरी, बंजारा तांड्यांवर गोरमाटी, सातपुड्यात पावरी, नोयरी व वसावी, साक्री-नवापूरकडे मावची आणि कोकणी (ही गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची), शिवाय शहरांत उर्दू, गुजराती, सिंधी अशी ही भाषांची वस्ती आहे. शाळेचे माध्यम मात्र बहुतेक ठिकाणी प्रमाण मराठी असते. मुलाला कळेल अशा भाषेत शिकण्याचा हक्क या प्रदेशात कोणाला, कितपत मिळतो, हा या नोंदीचा विषय आहे.

कायद्यात तरतुदींची वाण नाही. संविधानाचे कलम २९ स्वतःची भाषा जपण्याचा, तर कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क देते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मातृभाषेचे माध्यम ‘व्यवहार्य असेल तेथवर’ ठेवण्यास सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेची शिफारस करते. ‘प्रयत्न’, ‘व्यवहार्य’, ‘शक्य तेथे’ या पळवाटा सर्वांत रुंद होतात त्या सातपुड्याच्या पाड्यांवर.

व्यवहारात एक विचित्र उतरंड तयार झाली आहे. ज्या भाषेला अन्यत्र लिपी, ग्रंथ आणि राजमान्यता आहे तिचा हक्क खानदेशातही चालतो. जी भाषा याच मातीतली आहे, तिचा चालत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ भाषांत निघतात. भुसावळच्या किंवा धुळ्याच्या मुलाला उर्दू शाळा मिळते, पहिलीपासून उर्दू पुस्तक मिळते. पुढे नोकरीच्या परीक्षेत मराठीची अडचण येते ती वेगळी. पण पाया स्वतःच्या भाषेत पक्का होतो. पावरी, नोयरी, वसावी, मावची अशा भिली गटातली एकही भाषा त्या आठांत नाही. पूरक पुस्तिका अधूनमधून निघतात, परीक्षा मराठीतच होते.

अहिराणीची गत आणखी चमत्कारिक आहे. २०११ च्या जनगणनेने ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी भाषा धरून तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले, आणि अहिराणी त्यातच मोजली. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणानेही १९०७ मध्ये खानदेशीला भिली भाषांच्या खंडात घातले होते. शाळा मात्र तिला मराठीचीच अशुद्ध बोली समजते. त्यामुळे अहिराणी मूल भाषिक अल्पसंख्याक ठरत नाही आणि त्याच्या वेगळेपणाला कुठली सवलतही मिळत नाही. घरी ‘शे’ (आहे), ‘माले’ (मला), ‘डोया’ (डोळा), ‘पानी’ म्हणणारे मूल वहीत तसेच लिहिते आणि शुद्धलेखनात मार खाते. वास्तविक या ‘चुका’ नियमबद्ध आहेत. ळ चा य आणि ण चा न होतो हे शिक्षकाने एकदा फळ्यावर मांडले, तर निम्मी लाल शाई वाचेल. बोलीला अभ्यासक्रमात मानाची जागा आहे ती कवितेच्या धड्यापुरती. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. ज्या बोलीत त्यांनी ओव्या रचल्या ती वर्गात बोलली, तर आजही हशा पिकतो.

सातपुड्यातला प्रश्न उच्चारांचा नाही, अर्थाचाच आहे. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पावरी, नोयरी किंवा वसावी बोलणाऱ्या मुलाला पहिलीतले मराठी जवळजवळ परके असते. पहिले वर्षभर ते गुरुजींच्या तोंडाकडे पाहत बसते आणि शेरा पडतो ‘अप्रगत’. २०११ मध्ये नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. दारिद्र्य, अंतर, शिक्षकांची गैरहजेरी ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. भाषेचे कारण सहसा अहवालाच्या शेवटी येते.

या भागात वेगळा प्रयोग झाला तो नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांचा. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या उभ्या राहिल्या. गावातलेच तरुण शिक्षक झाले, सुरुवातीचे शिकवणे पावरी-भिलालीत होऊ लागले आणि लोककथा वाचनपाठ म्हणून आल्या. या शाळांनी दाखवून दिले की लिपी नसणे ही सबब आहे, अडथळा नव्हे. देवनागरीत पावरी सहज लिहिता येते.

बोली जाणणारा शिक्षक हा या सगळ्याचा कळीचा भाग आहे. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात शिक्षकपदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घेण्याचे धोरण महाराष्ट्राने २०१४ मध्ये स्वीकारले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातले अशा शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले. बोलीचे ज्ञान ही स्वतंत्र पात्रता मानली, तर जातीच्या दाखल्यावरचा हा वाद बराच टळू शकतो.

पालकांचा कल मात्र दुसरीकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत सेमी-इंग्रजीला मागणी आहे. आदिवासी विकास विभागाची ‘नामांकित शाळा’ योजना तर पावरी बोलणाऱ्या मुलाला थेट इंग्रजी निवासी शाळेत नेते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या कर्नाटकासंबंधीच्या निकालानुसार माध्यमाची निवड पालकांची आहे, राज्य ते लादू शकत नाही. इंग्रजीची ओढ चूक म्हणता येणार नाही. तरीही एकच शासन धोरणात मातृभाषेची शिफारस करते आणि योजनेत तिच्यावरून उडी मारते, ही विसंगती उरतेच.

१६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली. त्यावर राज्यभर वादळ उठले आणि २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला. त्या सगळ्या चर्चेत मराठी ही प्रत्येक मुलाची मातृभाषा गृहीत धरली होती. धडगावच्या मुलाच्या हिशेबात मराठी हीच दुसरी भाषा, मग इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी ठरली असती.

यात स्थलांतराची भर पडते. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तिथे गेलेल्या मुलाभोवती गुजराती शाळा असते, परतल्यावर पुन्हा मराठी. हंगामी वसतिगृहांची योजना मुलांना गावीच ठेवण्यासाठी आहे, पण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मोठी बहीण आईबापांसोबत उसाच्या फडावरच जाते. दोन्ही राज्यांच्या हजेरीपटांवर ती निम्मे वर्ष गैरहजर असते.