दोन कॉइल, दोन ॲम्प, पण कोन एकच

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, "दादा, दुसरा ॲम्प लावला आणि बेसच गेला." गाडीतला बारा इंची ड्युअल व्हॉइस कॉइल सबवूफर (बेसचा स्पीकर, आत तारेची दोन वेटोळी म्हणजे कॉइल), 4 अधिक 4 ओहमचा, इतके दिवस एकच कॉइल जोडून वाजवत होता. मग कुणीतरी सांगितलं की दोन कॉइल आहेत म्हणजे दोन ॲम्प पाहिजेतच आणि दोन ॲम्प म्हणजे दुप्पट आवाज, म्हणून ह्याने दुसरा आणला, आणि आता कोन (स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा) जेमतेम हलतोय आणि जळका वास येतोय. मी आधी दोन्ही बंद करायला लावले.

सबवूफरच्या आत एका नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि ती नळी चुंबकाच्या गोल फटीत तरंगत असते. शाळेतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा, चुंबकीय क्षेत्रात तारेतून करंट गेला की तारेवर बल येतं, ते बल कोनला पुढेमागे ढकलतं. ड्युअल मध्ये त्याच नळीवर दोन वेगळ्या तारा गुंडाळतात, एवढाच फरक. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्या तर 8 ओहम, पॅरललमध्ये 2 ओहम, जो ॲम्पला झेपेल तो घ्या, बहुतेकांचं काम एकाच मोनो ॲम्पवर होतं.

दोन ॲम्प लावायची खरी मजा वेगळीच आहे. दोन ॲम्पचे आउटपुट एकाच कॉइलला जोडायचे नसतात, एकाचा करंट दुसऱ्यात घुसतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. पण इथे दोन तारा एकमेकींना कुठेच चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे बेरीज वायरमध्ये होत नाही, ती होते चुंबकाच्या फटीत, बलाच्या रूपात. हे मला आजही फार सुंदर वाटतं. एका कॉइलला 200 वॅट देत होतात आणि दुसरीलाही 200 दिले तर बल दुप्पट, कोनची हालचाल दुप्पट, म्हणजे 6 डेसिबल वाढ. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. आणि एकच ॲम्प 2 ओहमवर 400 वॅट देत असेल तर निकाल अगदी तोच, दोन ॲम्पमुळे वेगळी जादू काही होत नाही.

आता जो भाग लोक विसरतात तो. तार क्षेत्रात हलली की ती जनरेटरसुद्धा होते (हा उजव्या हाताचा नियम). म्हणजे पहिल्या कॉइलने कोन हलवला की दुसऱ्या कॉइलमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतं, ती कशालाही जोडलेली नसली तरी. हे हाताने अनुभवता येतं. सबवूफर सुटा टेबलावर ठेवा, सगळी टर्मिनल मोकळी ठेवून कोनवर बोटाने टिचकी मारा, 'धुंम्म' असा लांबणारा आवाज येईल. मग एका कॉइलच्या प्लस-मायनसमध्ये वायरचा तुकडा अडकवून परत मारा, नुसतं 'ठप'. तळहाताने कोन दाबलात तर चिखलात हात घातल्यासारखा जड लागतो. वायरच्या एका तुकड्याने ब्रेक लागला! कॉइलमधला करंट हालचालीलाच विरोध करतो, लेन्झने 1834 मध्ये सांगितलेलं तेच हे.

चालू ॲम्प कॉइलला त्या वायरच्या तुकड्यासारखाच दिसतो, कारण त्याचा आतला रेझिस्टन्स ओहमचा अगदी छोटा अंश असतो. म्हणून दुसरी कॉइल मोकळी ठेवली तर ब्रेक अर्धाच राहतो आणि बेस घुमतो, ढब ढब करत लांबतो, आणि दुसरा ॲम्प चालू आहे पण सिग्नल नाही असं झालं तर तो नुसता ब्रेक लावून बसतो. दोन्ही ॲम्प सिग्नल देत असतील तर कोन दोघांच्या व्होल्टेजची सरासरी मानून चालतो. एक 20 व्होल्ट देतोय, दुसरा 10, तर कोन 15-15 असल्यासारखा हलणार. म्हणून गेन (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते) सारखा पाहिजे, आणि वरचे सूर कापणारा फिल्टरसुद्धा. एकाच्या फिल्टरवर 12 डेसिबलचा उतार (दर ऑक्टेव्हला किती कापायचं ते) आणि दुसऱ्यावर 24 चा ठेवला तर कटऑफला, म्हणजे कापणं सुरू होतं त्या फ्रिक्वेन्सीला, दोघांत 90 अंशांचा फेज फरक पडतो, म्हणजे 50 हर्ट्झला 5 मिलिसेकंदाचा उशीर, एक ढकलतोय तेव्हा दुसरा अजून ठरवतोय.

आणि एकाच्या वायरी उलट्या असतील तर? 20 आणि उणे 20, सरासरी शून्य. कोन हलत नाही, हलत नाही म्हणून उलटं व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे करंट अडवायला तारेचा रेझिस्टन्स सोडून कोणी उरत नाही, सगळी पॉवर उष्णता होते, आणि कोन थांबल्यामुळे फटीतली हवाही खेळत नाही. त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांबद्दलही बोलतोच, कारण हा मुलगा 2000 वॅट छापलेलं बघून भुलला होता. त्याच्या ॲम्पवर 30 अँपिअरचा फ्यूज आहे, गाडीचं व्होल्टेज 13.8, गुणाकार करा, 414 वॅट आत जातात, मग सतत 2000 बाहेर कुठून येणार? आरएमएस आकडा, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, बघा, आणि सबवूफरवरचा 500 हा सहसा दोन्ही कॉइलचा मिळून असतो, म्हणजे प्रत्येकीला 250.

त्याला दीड व्होल्टचा साधा सेल घ्यायला लावला, ॲम्पच्या बाजूची वायरींची टोकं सोडवून एकेका जोडीला सेल क्षणभर टेकवायचा, प्लसला प्लस. पहिल्या जोडीला कोन बाहेर उडाला, दुसऱ्या जोडीला आत गेला, म्हणजे दुसरी वायर वाटेत कुठेतरी उलटी झालेली. ती बदलली. मग मल्टिमीटर लावला, कॉइल थंड झाल्यावर, कारण तांबं 130 अंशांनी तापलं की 4 चे 6 ओहम दिसतात. एक 3.6, दुसरी 3.5. दोन्ही वाचल्या होत्या.