मोटारीतील ध्वनियंत्रणेसाठी विद्युततारेची निवड

मोटारीत बसवलेल्या अँप्लिफायरला आणि स्पीकरना वीज व ध्वनिसंकेत पोचवणाऱ्या तारा किती जाड, कोणत्या धातूच्या व कोणत्या आवरणाच्या असाव्यात आणि त्यांना किती क्षमतेचा फ्यूज लावावा, हे ठरवण्याची रीत. अशा यंत्रणेत मुख्यतः चार तऱ्हेच्या तारा असतात : बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत जाणारी धन तार, अँप्लिफायरची अर्थची (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला जोडलेली परतीची) तार, स्पीकरच्या तारा आणि संकेताच्या तारा. पहिल्या दोन्हींमधून मोठी विद्युतधारा वाहते आणि त्यांची निवड चुकली तर गाडी पेट घेऊ शकते. उरलेल्या दोन्हींत चूक झाली तर बहुधा आवाज बिघडतो, इतकेच. म्हणून निवडीतला बहुतेक विचार पहिल्या दोन तारांवर खर्ची पडायला हवा.

कमी दाबाची अडचण

मोटारीची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची म्हणतात. पूर्ण चार्ज झालेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. दाब इतका कमी असल्यामुळे तेवढीच शक्ती मिळवायला विद्युतधारा फार मोठी लागते. समजा, अँप्लिफायर १,००० वॉट आरएमएस शक्ती, म्हणजे सलग टिकणारी शक्ती, देतो आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के आहे. त्याला आत १,२५० वॉट लागतील, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ९० अँपिअर. २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यावर हेच काम साडेपाच अँपिअरमध्ये भागले असते.

तारेत होणारी दाबाची घट म्हणजे विद्युतधारा गुणिले तारेचा रोध. २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट घटला तर कोणाला पत्ताही लागत नाही, १३.८ व्होल्टमध्ये तो सात टक्क्यांहून अधिक असतो. मोटारीतल्या तारा इतक्या जाड का दिसतात, याचे सगळे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दाब घटल्याचा परिणाम अँप्लिफायरच्या रचनेवर अवलंबून असतो. ज्यांचा अंतर्गत वीजपुरवठा नियंत्रित नसतो, त्यांची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते : १४.४ चे १३.४ व्होल्ट झाले की सुमारे १३ टक्के शक्ती जाते. कानाला हा फरक जेमतेम ०.६ डेसिबलचा असतो आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण अँप्लिफायर आधीच मर्यादेजवळ चालत असेल तर आवाज फाटू लागतो. नियंत्रित पुरवठ्याचे अँप्लिफायर उलट वागतात. दाब पडला की शक्ती टिकवण्यासाठी ते अधिक विद्युतधारा ओढतात, त्यामुळे तारेतली घट आणखी वाढते आणि तार आणखी तापते.

जाडी कशी ठरवावी

आधी विद्युतधारा काढावी. त्यासाठी खोक्यावर ठळक छापलेली ‘कमाल’ किंवा ‘पीक’ शक्ती निरुपयोगी आहे. आरएमएस शक्ती धरावी. तिच्या मोजणीसाठी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेचे सीईए-२००६ हे मानक आहे, त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहमचा भार आणि एक टक्क्याहून अधिक नसलेली विकृती या अटी आहेत. आरएमएस शक्तीला कार्यक्षमतेने भागावे (अँप्लिफायरच्या रचनेच्या प्रकारांपैकी क्लास डी साठी सुमारे ०.८, क्लास एबी साठी ०.५ ते ०.६) आणि आलेल्या आकड्याला १३.८ ने भागावे. अँप्लिफायरवरच्या फ्यूजांची बेरीज हा दुसरा आणि बऱ्याचदा अधिक विश्वासार्ह अंदाज. संगीत सतत पूर्ण जोरात वाजत नसल्यामुळे प्रत्यक्ष सरासरी विद्युतधारा बरीच कमी असते, पण तारेची निवड त्या भरवशावर करू नये.

मग लांबी. ती सरळ रेषेत न मोजता तार जशी जाणार तशी मोजावी : बॉनेटखालून, फायरवॉलमधून (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्यातून), दाराच्या उंबऱ्याखालून, डिकीपर्यंत. तांब्याचा रोध एक चौरस मिलिमीटर आडछेदाच्या एक मीटर तारेला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. तेव्हा लागणारे क्षेत्रफळ काढायला ०.०१७५ ला मीटरमधील लांबीने आणि अँपिअरमधील विद्युतधारेने गुणावे आणि जितकी घट चालेल तितक्या व्होल्टने भागावे. ९० अँपिअर, ५ मीटर आणि ०.४ व्होल्ट घट धरली तर उत्तर सुमारे २० चौरस मिलिमीटर येते. एवढी घट बहुतेक यंत्रणांना पचते. अर्थची बाजू धरून एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवावी. हा हिशेब २० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. ७० अंशांना तांब्याचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून उत्तर दोन मापांच्या मधे आले तर वरचे माप घ्यावे.

बाजारात मापे दोन पद्धतींनी लिहिलेली असतात. एक सरळ चौरस मिलिमीटरमध्ये : १०, १६, २५, ३५, ५०. दुसरी अमेरिकन वायर गेज, म्हणजे एडब्ल्यूजी. तिच्यात आकडा लहान तितकी तार जाड, आणि दर तीन आकड्यांमागे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते. ८ गेज म्हणजे ८.४ चौरस मिलिमीटर, ४ गेज म्हणजे २१.२ आणि शून्य गेज म्हणजे ५३.५. वरच्या उदाहरणाला ४ गेज नेमकी बसते : घट सुमारे ०.३७ व्होल्ट, तारेत उष्णता होऊन जाणारी शक्ती ३३ वॉट. त्याच ठिकाणी ८ गेज टाकली तर घट ०.९४ व्होल्ट होते आणि ८५ वॉट तारेतच जळतात, तेही गालिच्याखाली दबलेल्या, हवा न लागणाऱ्या तारेत.

तांबे आणि तांब्याचा मुलामा

या विषयातला सर्वांत मोठा घोळ धातूचा आहे. स्वस्त वायरिंग किटमधली तार पुष्कळदा तांब्याचा पातळ थर चढवलेल्या अॅल्युमिनियमची असते; तिच्यावर ‘सीसीए’ ही अक्षरे बारीक छापलेली असतात किंवा नसतातच. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडी कमी असते. ती वापरायचीच तर गेजच्या दोन आकड्यांनी जाड घ्यावी : तांब्याची ४ पुरत असेल तिथे सीसीएची २. कागदावर हिशेब जुळतो, पण जोडाच्या ठिकाणी अडचण राहते. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच रोधक ऑक्साइड धरतो, दाबाखाली ते हळूहळू दबत जाऊन स्क्रू सैल पडतो आणि ओलाव्यात तांब्या-पितळेच्या सान्निध्यात ते झिजते. सैल जोड तापतो, तापलेला जोड आणखी सैल होतो. बॉनेटखाली आणि डिकीच्या ओलसर कोपऱ्यात अशी तार घालू नये, हे इथे स्पष्टच म्हणावेसे वाटते.

ओळख सोपी आहे. एक बारीक धागा ब्लेडने खरवडावा : आत चंदेरी दिसले तर अॅल्युमिनियम. कथिलाचा मुलामा दिलेले तांबे याच्या उलट असते, बाहेर चंदेरी आणि आत लाल. ती तार उत्तम, कारण ती सहजासहजी गंजत नाही. वजनही सांगते. तांब्याची घनता अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त आहे, त्यामुळे मोठे वेटोळे हातात हलके लागले तर शंका घ्यावी.

‘ओएफसी’, म्हणजे प्राणवायूरहित तांबे, याचा फार गाजावाजा होतो. विजेच्या कामाचे नेहमीचे तांबे आणि ओएफसी यांच्या वाहकतेत फरक जवळजवळ नाही. वेष्टनावरच्या या शब्दाचा खरा उपयोग एवढाच की तार मुलाम्याची नसून तांब्याची आहे, असे विक्रेता म्हणतो.

दुसरी फसवणूक आवरणाची. पारदर्शक रंगीत आवरण जाड करून ८ गेजची तार ४ गेजएवढी दिसवता येते. बाहेरचा व्यास पाहून तार घेऊ नये. टोक सोलून आतल्या धातूची जाडी पाहावी. धाग्यांची संख्या आणि एका धाग्याचा व्यास ठाऊक असेल तर क्षेत्रफळ कोणालाही काढता येते. सीईए-२०१५ हे मानक याच गोंधळावर उपाय म्हणून आले.

तार शेकडो बारीक धाग्यांची असावी. गाडी सतत थरथरते आणि एकसंध जाड तार थरथरीने थकून तुटते. बारीक धाग्यांची तार वळणेही सहज घेते. आवरण साध्या पीव्हीसीचे असेल तर ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे घ्यावे. इंजिनाजवळून जाणाऱ्या भागाला १२५ अंशांचे क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन अधिक बरे.

फ्यूज आणि अर्थ

मुख्य तारेचा फ्यूज अँप्लिफायरसाठी नसतो, तो तारेसाठी असतो. अपघातात किंवा धार लागून आवरण फाटले आणि तार पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि तार लालबुंद होते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवतात. बॅटरी आणि फ्यूज यांमधला तुकडा संरक्षणाविनाच राहतो, तो जितका आखूड तितका चांगला. फ्यूजची क्षमता तारेला सोसेल त्याहून जास्त कधीही नसावी. तांब्याच्या ४ गेजला १०० ते १५० अँपिअर ही रूढ मर्यादा आहे. एका जाड तारेतून दोन अँप्लिफायरना बारीक फाटे काढले तर प्रत्येक फाट्याला त्याच्या जाडीचा वेगळा फ्यूज लागतो. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारे कडे) घालणे तितकेच महत्त्वाचे, कारण पत्र्याची कच्ची कड आवरण कापते.

अर्थची तार धन तारेइतकीच जाड असावी, कारण जितकी विद्युतधारा येते तितकीच परत जाते. ती आखूड ठेवावी, ४५ सेंटिमीटरच्या आसपास. चेसिसच्या जाड भागावर रंग खरवडून उघड्या धातूवर थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळावी आणि वरून गंजरोधक लावावे. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये; त्याचे काम जीव वाचवण्याचे आहे. थिंबल योग्य मापाच्या क्रिम्पिंग हत्याराने दाबलेली असावी. नुसते सोल्डर केले तर धातू धाग्यांमधून वर चढून तार ताठ होते आणि नेमकी त्या कडेला तुटते.

बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होत असतील तर अँप्लिफायरची तार आणखी जाड करून फरक पडत नाही. तिथे अल्टरनेटर किंवा बॅटरी अपुरी असते, किंवा गाडीच्या मूळ तीन तारा बारीक पडतात : अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते चेसिस आणि इंजिन ते चेसिस. या तिन्हींना समांतर जाड तारा जोडण्याला या क्षेत्रात ‘बिग थ्री’ म्हणतात.

स्पीकरच्या आणि संकेताच्या तारा

स्पीकरच्या तारेत विद्युतधारा कमी, पण तारेचा रोध स्पीकरच्या रोधाशी तोलून पाहावा लागतो. तीन मीटरच्या १६ गेज तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०८ ओहम. ४ ओहमच्या दाराच्या स्पीकरला तो दोन टक्के, म्हणजे नगण्य. एक ओहमच्या सबवूफरला (खर्जाच्या मोठ्या स्पीकरला) तोच आठ टक्के होतो; तिथे १२ गेज घ्यावी. याहून जाड तार घेऊन कानाला काही मिळत नाही.

संकेताच्या, म्हणजे आरसीए, तारांमधून अत्यल्प विद्युतधारा जाते, त्यामुळे जाडी गौण आणि बाह्य गोंगाटापासून बचाव मुख्य. पीळ दिलेली किंवा जाळीचे कवच असलेली तार घ्यावी, मुख्य तारेच्या विरुद्ध बाजूने न्यावी आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर बहुतेकदा दोष अर्थच्या जोडात असतो. महागडी आरसीए आणून तो जात नाही. अँप्लिफायर चालू करणाऱ्या रिमोट तारेला, जी सहसा निळी-पांढरी असते, १८ गेज भरपूर होते.

नव्या गाड्या

अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर विद्युतधारा मोजणारा संवेदक असतो. अँप्लिफायरची अर्थ थेट त्या टोकाला जोडली तर संवेदक चुकवला जातो आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. अर्थ चेसिसलाच द्यावी. विद्युत गाड्यांत १२ व्होल्टचा पुरवठा अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून येतो आणि तो किती अँपिअर देऊ शकतो यावर अँप्लिफायरची निवड अवलंबून राहते. विद्युत आणि हायब्रीड गाड्यांतल्या नारिंगी आवरणाच्या केबल शेकडो व्होल्टच्या असतात. ध्वनियंत्रणेची कोणतीही तार त्यांच्या मार्गातून, त्यांच्या क्लिपांत अडकवून नेऊ नये.